पोकर: कॉल करण्याआधीचा हिशेब

प्रश्न (कोथरूड): दिवाळीत तीन पत्ती खेळायची सवय आहे. आता मोबाइलवर फुकटच्या चिप्सवर टेक्सास होल्डम खेळतो. सहा जणांच्या टेबलावर १०० बिग ब्लाइंड (डाव सुरू होताना एकाने लावायची सक्तीची रक्कम, चिप्स मोजायचं माप तेच) घेऊन बसलो तरी तासाभरात साफ होतो. कुठले पत्ते खेळावेत?

आधी तीन पत्तीचा एक नियम डोक्यातून काढा. तिथे सीक्वेन्स कलरला हरवतो. पोकरमध्ये फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते, जसे पाचही बदाम) स्ट्रेटपेक्षा (सलग पाच पत्ते) मोठा असतो. सुरुवातीला बऱ्याच चिप्स या एका गोंधळात जातात.

बाकीच्या जातात त्या जास्त हात खेळल्यामुळे. कुठले पत्ते खेळायचे हे तुम्ही कुठे बसलात त्यावर ठरतं. बिग ब्लाइंड लावणाऱ्याच्या लगेच डावीकडे असाल तर तुमच्यामागे पाच जण बोलायचे बाकी असतात. तिथून सत्तीची किंवा त्याहून मोठी जोडी, एक्का-गुलाम आणि वरचे, राजा-राणी, शिवाय सूटेड (दोन्ही एकाच रंगाचे, जसे दोन्ही बदाम) असतील तर एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, एवढंच खेळा. म्हणजे दहातला जेमतेम एक हात. डीलर बटणावर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवर, मात्र फ्लॉपनंतर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पाच पत्त्यांपैकी पहिले तीन) शेवटी बोलायची सोय असते. पुढच्या सगळ्यांनी पत्ते टाकले असतील तर तिथून कोणतीही जोडी, कोणताही एक्का, दश्शी किंवा वरचे कोणतेही दोन पत्ते, सूटेड राजा आणि पंजी-छक्कीसारखे सलग सूटेड पत्ते चालतात. तिनातला एक हात झाला.

खेळायचं ठरवलं तर नुसता कॉल करून, म्हणजे आधीच्याइतकीच रक्कम भरून, आत शिरू नका. तीन बिग ब्लाइंडपर्यंत रेज करा, म्हणजे रक्कम वाढवा, आणि आधी कुणी नुसता कॉल केला असेल तर त्या प्रत्येकामागे एक ब्लाइंड वाढवा. ‘दोन्ही बदामाचे होते म्हणून खेळलो’ ही सबब फार ऐकू येते. सूटेड असण्याने जिंकण्याची शक्यता तीनेक टक्केच वाढते, आणि फ्लॉपवरच फ्लश पुरा व्हायचा योग साधारण ११९ वेळांतून एकदा येतो.

प्रश्न (औंध): दोन एक्के आले की हमखास हरतो. अ‍ॅपमध्ये काही गडबड असते का?

तुमच्या रेजला कितीजण कॉल करतात ते मोजा. एकाच प्रतिस्पर्ध्याचे कुठलेही पत्ते धरले तर दोन एक्के ८५ टक्के वेळा जिंकतात. चौघे मागे आले तर ५६ टक्के आणि आठजण असतील तर जेमतेम ३५. फुकटच्या टेबलावर चौघे येतातच, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा हरणं ठरलेलंच आहे. त्यावर उपाय एकच, रेज मोठा करा. अशा टेबलावर तीनऐवजी पाच-सहा ब्लाइंड लावा, दोघेच उरतील. फ्लॉपनंतर एक्के ही शेवटी एक जोडीच आहे, हेही ध्यानात ठेवा.

हे एक्के सरासरी २२१ हातांत एकदा येतात. हातात पत्ते घेऊन खेळताना तासाला पंचवीस-तीस डाव होतात, मोबाइलवर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. दुखणारे पराभवही त्याच वेगाने येतात.

प्रश्न (हडपसर): हातात बदामाचे दोन, फ्लॉपवर बदामाचे दोन. फ्लशसाठी कॉल करावा की नाही, हे कधीच कळत नाही.

मंडईत भाव विचारल्याशिवाय कुणी पिशवी पुढे करत नाही. इथेही आधी भाव काढा. समजा पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६०० आहेत आणि समोरच्याने ३०० लावले. तुम्ही ३०० घातले की पॉट होतो १२००. तुमचा वाटा त्यातला चौथा, म्हणजे २५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा जिंकणार असाल तरच कॉल फायद्याचा.

आता शक्यता. बदामाचे १३ पैकी चार दिसले, नऊ उरले. न दिसलेले पत्ते ४७. पुढच्या एका पत्त्यावर बदाम यायची शक्यता १९ टक्के, दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर ३५. तोंडी हिशेबाला उपयोगी पत्त्यांची संख्या एका पत्त्यासाठी दोनाने आणि दोन पत्त्यांसाठी चाराने गुणा.

चूक होते ती चाराने गुणण्यात. समोरचा ३०० लावून ऑल-इन असेल, म्हणजे त्याच्या सगळ्या चिप्स लागल्या असतील, तर पुढे काही द्यायचं नाही, दोन्ही पत्ते फुकट दिसतात. ३५ टक्के धरा आणि डोळे मिटून कॉल करा. पण त्याच्याकडे चिप्स शिल्लक असतील तर टर्नवर (चौथ्या उघड्या पत्त्यावर) तो पुन्हा लावणार. तेव्हा १९ टक्केच धरायचे, आणि ते २५ला पुरत नाहीत. तूट किती? नऊ पत्ते तुमच्या बाजूचे, ३८ विरुद्ध. म्हणजे ३०० घालून सुमारे १२७० मिळायला हवेत. पॉटमध्ये ९०० आहेत. फ्लश लागल्यावर त्याच्याकडून सरासरी आणखी ३७० निघतील असं वाटत असेल तर कॉल करा. त्याच्याकडे दोनशेच उरले असतील तर पत्ते टाका.

शिवाय नऊच्या नऊ पत्ते खरंच उपयोगाचे आहेत का ते पाहा. टेबलावर जोडी पडली असेल तर फुल हाउसची (एकसारखे तीन आणि एक जोडी, फ्लशपेक्षा मोठा) भीती असते. आणि तुमचा मोठा बदाम अठ्ठी असेल तर फ्लश लागूनही कुणाच्या राणी-बदामाला सगळं देऊन बसाल.

प्रश्न (चिंचवड): खऱ्या पैशांनी खेळवणाऱ्या अ‍ॅपची लिंक ग्रुपवर आली आहे. खेळावं का?

नाही. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर देशभर बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, याने फरक पडत नाही. बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही त्यांचे व्यवहार करायला मनाई आहे. अशा लिंकवर पैसे अडकले तर परत मिळणं कठीण.

प्रश्न (सिंहगड रोड): व्हिडिओ पाहून ब्लफ शिकलो, पण माझा ब्लफ कधीच चालत नाही.

चालणारही नाही. पॉटच्या निम्मी रक्कम लावली तर समोरच्याने तिनातून एकदा तरी पत्ते टाकायला हवेत, तेव्हा कुठे बरोबरी होते. पूर्ण पॉटएवढी लावली तर दोनातून एकदा. फुकटच्या चिप्स टाकायला कुणाचा हात मागे येत नाही, म्हणून ते ‘बघू तरी’ म्हणत कॉल करतात. व्हिडिओतली मंडळी पत्ते टाकणाऱ्यांशी खेळत असतात.

या सवयीचा फायदा उलट बाजूने घ्या. हातात एक्का-राणी, फ्लॉपवर एक्का-नव्वी-तिर्री, पॉट ६००. लपवाछपवी नको, सरळ ४०० लावा. टर्नवर पुन्हा दोन-तृतीयांश पॉट. नव्वीवाला, छोटा एक्कावाला, सगळे येतील. रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) धोक्याचा पत्ता पडला नाही तर तिसऱ्यांदाही लावा. नवखे इथेच चेक करून, म्हणजे काहीच न लावता, चिप्स सोडतात. फक्त एक पथ्य: आतापर्यंत मुकाट्याने कॉल करणारा माणूस टर्नवर किंवा रिव्हरवर अचानक रेज करतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा दोन जोड्या किंवा त्याहून मोठं काही असतं. एका जोडीवर तिथे भांडू नका.

प्रश्न (वाघोली): स्पर्धेत माझ्याकडे दहा ब्लाइंडच उरतात तेव्हा काय करावं?

तीन ब्लाइंड रेज करून मग पत्ते टाकणं तुम्हाला परवडत नाही, तेव्हा ऑल-इन किंवा फोल्ड (पत्ते टाकणं), मधलं काही नाही. बटणावरून आणि पुढे सगळे फोल्ड झाले असतील तर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, राजा-दश्शी आणि वरचे, राणी-गुलाम यांवर सगळ्या चिप्स ढकला. दुसऱ्याचा ऑल-इन कॉल करताना मात्र हात बराच आवळा, कारण तिथे समोरचा फोल्ड होण्याची शक्यताच उरत नाही. दहा ब्लाइंड मोजताना दोघांपैकी ज्याच्या चिप्स कमी, त्याच्या धरायच्या: तुमच्याकडे चाळीस आहेत आणि उरलेल्या दोघांकडे आठ-आठ, तर डाव आठ ब्लाइंडचाच आहे.