माहितीपट एकतर्फी असेल तर तो खोटाच मानायचा का?

नाही. तुम्ही पाहिलेला १९४७ वरचा माहितीपट एकतर्फी आहे म्हणून खोटाच, असं तुमचा मित्र म्हणतो; पण एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. तपशिलाची चूक आणि बाजू घेणं वेगवेगळं तपासावं लागतं. मी कोल्हापुरात इतिहास शिकवतो, वर्गात हा वाद नेहमी होतो. तपशील पकडणं सोपं. नेहरूंनी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला तो १६ ऑगस्टला; ते दृश्य १५ तारखेचं म्हणून दाखवलं तर सरळ चूक. 'त्या दिवशी सगळी संस्थानं भारतात आली' हेही चूक. हैदराबाद सप्टेंबर १९४८ मध्ये आलं. शिवाय सामीलनामा (संस्थानानं भारतात सामील होण्याचा करार) वेगळा, विलीनीकरण (संस्थानाचा वेगळा कारभार संपून ते प्रांतात मिसळणं) वेगळं: आपलं कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं ते १ मार्च १९४९ रोजी. बाजू घेतलेली मात्र गाळलेल्या गोष्टींत दिसते. संस्थानांची गोष्ट सरदार पटेल आणि त्यांच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांच्यावरच संपवली, कोल्हापूर संस्थानात लोकांचे हक्क मागणाऱ्या माधवराव बागलांच्या प्रजा परिषदेसारख्या चळवळींचं नावही घेतलं नाही, तर प्रत्येक वाक्य खरं असूनही चित्र लंगडं राहतं. माझ्या मते हा दोष तारखेच्या चुकीपेक्षा गंभीर आहे, कारण तो प्रेक्षकाच्या लक्षातच येत नाही. फक्त एक, सगळंच कागदावर सिद्ध होत नाही: फाळणीतल्या मृतांचे अंदाज २ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातात. तिथे आकड्याला खोटं म्हणू नका. तो अंदाज आहे हे निवेदकानं सांगितलं का, ते बघा.