आईचं दुखणं आणि ‘तू आता आराम कर’

‘‘मॅडम, आई नाटक करते असं मला म्हणायचं नाही. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि हिचं दुखणं काही संपत नाही. म्हातारी माणसं लक्ष वेधून घ्यायला असं करतात का?’’

म्हाताऱ्या आईवडिलांबद्दल सल्ला विचारायला माझ्याकडे येणारी मुलं हा प्रश्न विचारतात, मुली विचारतात, सुना तर हमखास. विचारताना आवाज खाली गेलेला असतो, कारण आपण आईवर संशय घेतोय याची लाज वाटत असते. माझं उत्तर ठरलेलं आहे: हो, करतात. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ना त्यांना, ना तुम्हाला. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून वर ज्यांच्याबद्दल विचारलं त्या बाईंची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई साठीच्या. घाटालगतच्या एका सरकारी आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावाच्या भाषेत नर्सबाई. डोंगराळ भागात एका उपकेंद्राकडे साधारण ३००० लोकवस्ती असते. त्यातलं कुठलं घर कुठल्या ओढ्यापलीकडे, कुणाची सून कितव्या महिन्यात, कोण लसीला पोर लपवतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ५८व्या वर्षी निवृत्त झाल्या. यजमान आधीच गेलेले. मुलाने पिंपरी-चिंचवडला आणलं. सातव्या मजल्यावर स्वतंत्र खोली, न्हाणीघरात धरायला दांडा, आठवड्यातून दोनदा मालिशवाली. काळजीत कमी काही नव्हतं.

वर्षभरात आधी गुडघे दुखायला लागले, मग पाठ, मग डोकं, मग ‘छातीत कसंतरी’. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, बी-१२ झालं. गुडघ्यांची झीज सोडली तर हाती काही लागलं नाही. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी अंगदुखी होऊन येतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. तूर्त औषधाची गरज नाही, असं त्यांचं मत पडलं. कानही तपासून घेतले. हे मुद्दाम लिहिते, कारण कमी ऐकू येणारं माणूस गप्पांतून हळूहळू बाहेर पडतं आणि घरच्यांना वाटतं, आईचा स्वभावच बदलला.

दुखण्याबद्दल बाई मोजकं आणि नेमकं बोलल्या. नोकरीचं विचारलं तेव्हा मात्र थांबेनात. १९९५ पासूनचे पोलिओचे रविवार, डाव्या करंगळीला शाई, डोस झालेल्या घरावर खडूने ‘पी’, राहिलेल्यावर फुली. बर्फ वितळायच्या आत लसीचा डबा घेऊन वाडीवर पोचायची घाई. २००५ नंतर जननी सुरक्षा योजना आली आणि बायका दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या. त्याआधीच्या कंदिलाच्या रात्री. मी विचारलं, तुमच्या हातून किती बाळंतपणं झाली असतील?

‘‘मोजतंय कोण? रजिस्टरं रिटायर होताना प्राथमिक आरोग्य केंद्राला जमा केली. माझ्याकडे काय राहिलं?’’

मग दोन प्रसंग निघाले. सोसायटीच्या फाटकावर नव्या वॉचमनने त्यांना अडवलं, ‘‘आजी, कुणाकडे जायचंय?’’ त्यांना फ्लॅटचा नंबर पटकन आठवेना. त्याने सुनेला फोन लावून खात्री केली आणि मग आत सोडलं. दुसरा प्रसंग नातवाच्या दीड वर्षाच्या लसीचा. खासगी दवाखान्यात न दुखणारी लस देणार होते. बाईंनी विचारलं, कुठली देणार, आधीचे डोस कुठले झालेत? मुलगा म्हणाला, ‘‘आई, राहू दे. डॉक्टर बघतील. तू आता आराम कर.’’

जन्मभर लोकांच्या पोरांना टोचलं आणि घरच्या पोराच्या वेळी ‘राहू दे’. डोकं त्याच आठवड्यात दुखायला लागलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही दोघींनी तारखा जुळवल्या तेव्हा आलं.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग मी त्यांना सांगत होते. बाळाशी खेळणारी आई सांगितल्याबरोबर चेहरा निर्विकार करते. बाळाकडे बघते, पण हसत नाही, बोलत नाही. पुढे काय होतं ते सांगायच्या आत बाईच म्हणाल्या, ‘‘पोर आधी हसून बघेल, हातवारे करेल. मग रडेल. मग तोंड फिरवून घेईल.’’ तंतोतंत असंच होतं.

मुलाला आणि सुनेला मी याच क्रमावर थांबवलं. दुखण्याची तक्रार म्हणजे हातवारे आणि रडणं. आई अजून तुमच्याकडे बघून प्रयत्न करते आहे. तिला दुखतं तेही खरं आहे. मन एकटं पडलं की शरीराचं दुखणं जास्त जाणवतं. आणि घरातली व्यवस्था अशी झाली होती, की गुडघा म्हटलं की तेल येई, गरम पाण्याची पिशवी येई, मुलगा येऊन पायाशी बसे. एरवी सगळे आपापल्या लॅपटॉपवर. आईला तुमच्यापर्यंत पोचायचा एकच रस्ता तुम्ही मोकळा ठेवला, मग ती दुसऱ्या कुठल्या रस्त्याने येणार?

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘तिच्या नोकरीचं मला एवढंच आठवतं, की ती घरी नसायची.’’ आईचं काम त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पाहिली होती ती तिची रिकामी जागा. त्यावर आम्ही वेगळं बोललो. ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने घरी जाऊन सांगितलं, ‘‘आई, तू केवढं मोठं काम केलंस गं.’’ बाईंनी विचारलं, ‘‘मॅडमनी सांगितलं वाटतं?’’ गृहपाठ म्हणून केलेलं कौतुक लगेच कळतं. अनेक घरांत नेमकी इथेच गल्लत होते. आईला शाल-श्रीफळ नको असतं, तिला विचारायला हवं असतं. खऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्याकडे आहे हे कुणाला तरी माहीत असायला हवं असतं.

ते सुनेला जमलं, आणि तेही ठरवून नव्हे. घरी भांड्याला येणाऱ्या मावशींची सून गरोदर होती. घरच्या सुनेने सहज विचारलं, ‘‘आई, तिचं कार्ड बघता का जरा?’’ बाईंनी चष्मा लावून माता-बाल संरक्षण कार्ड पाहिलं. हिमोग्लोबिनचा रकाना कोरा, धनुर्वाताच्या दुसऱ्या डोसची नोंद नाही. पुढच्या तपासणीच्या दिवशी तिला घेऊन स्वतः महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या. रिक्षाने, दुखऱ्या गुडघ्यांनिशी. तिथल्या सिस्टरने दोन वाक्यांत ओळखलं, ‘‘तुम्ही आपल्यातल्याच दिसता.’’ हे वाक्य बाईंनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

सगळं गोड झालं असं नाही. मध्यंतरी बाई लिफ्टमध्ये भेटेल त्या आईला बाळाच्या अंगावरच्या दुधाबद्दल सल्ला द्यायला लागल्या आणि एका शेजारणीने सुनेला टोकलं. मग त्यावरही बोलणं झालं: विचारल्यावर सांगायचं. बाईंना ते पटलं, आवडलं नाही. गुडघे अजून दुखतात, व्यायाम चालू आहे. छातीतल्या ‘कसंतरी’चा विषय बरेच दिवस निघालेला नाही. यंदा जत्रेला गावी जायचं म्हणाल्या तेव्हा मुलाने चढणीची काळजी केली, पण अडवलं नाही. ‘‘तिथे गेली की गोळ्या घ्यायलाच विसरते,’’ असं तो तक्रारीच्या सुरात सांगत होता आणि हसत होता.

अजून एक. असे फोन करणारे बहुतेक लोक तक्रारी वाढल्या म्हणून घाबरलेले असतात. मी जास्त घाबरते त्या घराला, जिथे ‘‘आई हल्ली काही मागतच नाही, किती शहाण्यासारखी राहते’’ असं सांगितलं जातं. जेवण कमी झालंय, पहाटे तीनला जाग येते, फोन आला तरी घ्यायचा उत्साह नाही, ‘आता माझं काय उरलंय’ असं बोलणं आहे, असं दिसलं तर समजुतीच्या गोष्टी करत थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तेही लगेच जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.