एल्फ लोकांच्या चालीरीती आणि नाती मराठी फॅन फिक्शनमध्ये कशी दाखवावीत?

तुमचा प्रश्न असा दिसतोय: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनच्या कथांत एल्फ नावाची, माणसांसारखी दिसणारी पण म्हातारपण नसलेली जमात आहे; तिच्यावर मराठीत फॅन फिक्शन, म्हणजे त्याच्या पात्रांवर आपली गोष्ट, लिहिताना त्यांची लग्नं, नाती, एकमेकांना मारायच्या हाका कशा दाखवायच्या, आणि आपल्याकडच्या रीती त्यात घातल्या तर चालतील का. मी बेळगावात शहापूरला राहते, काही वर्षं असल्या गोष्टी लिहिते, आणि नेमकी याच जागी एकदा सपशेल आपटले आहे. म्हणून सांगते.

मी टॉल्किनच्या मायग्लिन या एल्फावर लिहीत होते. गोतावळा लक्षात नसेल तर थोडक्यात असा: गोंडोलिन हे डोंगरात लपलेलं शहर, टुर्गॉन तिथला राजा. त्याची बहीण अरेधेल शहर सोडून गेली आणि रानात एओल नावाच्या एल्फाच्या घरात राहिली. तिचा मुलगा मायग्लिन. पुढे मायलेक पळून गोंडोलिनला आले, एओल माग काढत आला, त्यानं मुलावर फेकलेला विषारी भाला आईला लागला आणि ती गेली. राजानं एओलला कड्यावरून खाली लोटलं. म्हणजे आई गेली, बाप गेला, पोरगा मामाकडे. मामाला एकुलती एक मुलगी, इड्रिल. मायग्लिनचं मन तिच्यावर बसलं. एल्फ लोकांत एवढ्या जवळच्या नात्यात लग्न होत नाही, आणि तिला तर तो मुळीच आवडत नव्हता. ही गाठ सुटली नाही, आणि शेवटी त्याच्याच फितुरीनं शहर बुडालं.

माझी निपाणीची मावशी तेव्हा आमच्याकडे आली होती. शेंगा फोडत बसली होती, तिला पहिला भाग वाचून दाखवला. मला वाटलं, मायग्लिनच्या मनातलं पाप ऐकून ती दचकेल. ती म्हणाली, "मामाचीच पोरगी न्हवं? मग देऊन टाकायची की! कशाला अडवूलालाय तो मामा?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिचं स्वतःचं लग्न आत्याच्या मुलाशी झालेलं. इरावती कर्व्यांनी 1953 सालच्या आपल्या नातेसंबंधांवरच्या पुस्तकात लिहिलंय की मराठ्यांत मामाची मुलगी करणं पसंत केलं जातं. आमच्या भागात तर शेजारच्या कानडी घरांतून सख्ख्या बहिणीची मुलगी केलेलीही बघायला मिळते. पोरक्या भाच्याला मामानं मुलगी द्यावी, यात आमच्या कानाला पाप कुठे लागणार? मी 'मामेबहीण' हा शब्द लिहिला आणि तिथेच गोष्ट उलटी फिरली. इंग्रजीत एकच 'कझिन' असतो, मामेबहीण की चुलतबहीण ते कळतच नाही. मराठीत कळतं, आणि त्याबरोबर सोयरीक जमते की नाही हेही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: रीत त्यांची ठेवा, शब्द मात्र आपले वापरा, आणि प्रत्येक शब्द वाचणाऱ्याच्या घरात काय अर्थानं चालतो ते आधी तपासा.

रीती कुठे मिळतील? एल्फांच्या कायद्या-रूढींवरचं एक मोठं टिपण टॉल्किनच्या हयातीत छापलं गेलं नव्हतं. त्याच्या मुलानं ते 1993 मध्ये मध्यभूमीच्या, म्हणजे टॉल्किनच्या कल्पित जगाच्या, इतिहासमालेच्या दहाव्या खंडात छापलं. त्यातलं थोडं सांगते. बहुतेकांची लग्नं वयाच्या पन्नाशीनंतर लवकरच होतात (पन्नाशी म्हणजे त्यांची कोवळी तरुणाई). वाङ्निश्चयाला चांदीच्या अंगठ्यांची देवघेव. मग निदान एक वर्ष थांबायचं. लग्नात चांदीच्या अंगठ्या परत करून सोन्याच्या घालायच्या, उजव्या हाताच्या तर्जनीत. वधूची आई आणि वराचा बाप दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. वधूची आई जावयाला साखळीत ओवलेलं रत्न देते, वराचा बाप सुनेला. इथे 'मंगळसूत्र' लिहायचा मोह होतो, मला झाला होता. लिहू नका. ते रत्न दोघांच्याही गळ्यात पडतं, आपलं एकीच्याच.

त्याच टिपणात आहे की नोल्डोर या एल्फांच्या कुळात (गोंडोलिनचं राजघराणं यातलंच) स्वयंपाक बहुतेक पुरुष करतात. हे मी आमच्या घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. उपयोग झाला नाही.

आता ही यादी गोष्टीत जशीच्या तशी ओतली तर लग्नपत्रिका होते, गोष्ट होत नाही. रीत मोडते किंवा अडते तिथे ती दाखवा. वधूची आई आणि वराचा बाप हात देतात म्हटलं ना? इड्रिलची आई बर्फाचा समुद्र ओलांडताना गेलेली, मायग्लिनच्या बापाला तिच्याच बापानं कड्यावरून लोटलेलं. हात द्यायला दोन्हीकडून कोणी नाही. पुढे इड्रिलनं टुओर या मर्त्य माणसाशी लग्न केलं, त्याचाही बाप लढाईत पडलेला. त्या मांडवात त्या दोन जागी कोण उभं राहिलं असेल? इथे तुम्हाला मोकळं रान आहे.

नावांचंही तसंच. बापानं जन्मानंतर लवकर नाव ठेवायचं, आई मागाहून आपलं वेगळं नाव देते, त्यात बरेचदा मुलाचं पुढचं नशीब तिला दिसलेलं असतं. एओलनं पोराला बारा वर्षांचा होईपर्यंत नावच दिलं नाही. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं, तिथे बारा वर्षं! त्या घराबद्दल आणखी काही लिहायची गरज उरत नाही. आईनं मात्र मनातल्या मनात त्याला 'लोमिऑन' म्हटलं, सांजवेळेचं लेकरू. आणि ते नाव तिच्या नोल्डोर लोकांच्या क्वेन्या भाषेतलं, जी थिंगॉल या दुसऱ्या एल्फ राजानं आपल्या मुलखात बंद केली होती. आईची भाषा घरातल्या घरात, तीही तोंडातल्या तोंडात. बेळगावच्या माणसाला याच्यावर टीप लागत नाही. मी हा भाग एका बैठकीत लिहिला, एक शब्द बदलावा लागला नाही.

राहिल्या हाका. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', म्हणून तिकडचे लिहिणारे सुटतात. तुम्हाला पहिल्याच संवादात ठरवावं लागेल: तू, तुम्ही, की अहो? मूळ लेखकालाही ही भानगड ठाऊक होती. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात त्यानं लिहिलंय की हॉबिट या बुटक्या लोकांच्या रोजच्या बोलीत आदराची रूपं उरली नव्हती, पिपिन नावाचा हॉबिट गोंडोर या माणसांच्या राज्यात थेट राज्यपालाला अरेतुरे करायचा, ते ऐकून नोकर थक्क झाले असणार, आणि हा आपल्या मुलखातला कोणी फार मोठा माणूस आहे या वावडीला त्यानं हातभार लागला. माझं मत विचाराल तर एल्फ नवराबायकोंत दोन्हीकडून 'तू' ठेवा. 'अहो' आलं की मागोमाग सासर येतं, डोक्यावरचा पदर येतो, आणि ती बाई एल्फ राहत नाही.

माझी मायग्लिनची गोष्ट शेवटी हाकेनंच सुधारली. इड्रिल त्याच्याहून बरीच मोठी, ती समुद्रापलीकडे जन्मलेली, तो अलीकडे रानात. 'मामेबहीण' मी सगळीकडून खोडलं. रानातल्या घरात आई त्याला शहराच्या गोष्टी सांगते तिथे लिहिलं, "तिकडे तुझी इड्रिलअक्का आहे." पोरगा विचारतो, अक्काचे केस खरंच सोन्यासारखे आहेत का? अक्का मला ओळखेल का? चार पानं नुसतं अक्का, अक्का. मग ते गोंडोलिनला पोचतात, ती समोर येते, आणि त्या पानापासून तो तिला नुसतं 'इड्रिल' म्हणायला लागतो. वर एक अक्षर स्पष्टीकरण नाही.

दिवाळीला मावशी पुन्हा आली, तेव्हा हे वाचून दाखवलं. त्या पानावर आले तशी ती चकलीचा सोऱ्या खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

"अक्का का म्हणेना झाला गं तो?"