वडिलांनी 22 वर्षं वेल्डिंग केलं, आता हात थरथरतो. सलाईन लावून अंगातला धातू काढून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वडील वाळूजला वेल्डर होते, वय 59, उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात हा पार्किन्सन, म्हणजे हात थरथरण्याचा मेंदूचा आजार, आणि तुमचे मामा म्हणतात अंगात जड धातू साचलाय, दहा-बारा सलाईन लावा.

मी डॉक्टर नाही. जालन्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, थोरला भाऊ तिथेच वेल्डर. दादाला 2017 साली हाच आजार निघाला, तेव्हा मीही याच चकव्यात सापडलो होतो.

डोक्यात सारखा घोळायचा तो 2013 चा उन्हाळा. दुष्काळ असा की पाण्याच्या टँकरला रात्रंदिवस मागणी. बाहेरून वेल्डिंग कोणीही मारायचं, आतून दादा. झाकणातून खाली उतरायचं, उजेडाला एक बल्ब, तोंडाला ओला गमछा. वर आला की नाकात बुक्का भरल्यासारखं काळं. गॅल्वनाइज पाइपचं काम असलं तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप, दुसऱ्या दिवशी गायब. तो जस्ताच्या धुराचा ताप. आम्ही त्याला गूळ-दूध द्यायचो. छातीत गेलेल्या धुराला पोटातला गूळ काय करणार!

जस्त त्या रात्रीपुरतं. मेंदूसाठी खरा संशयित मँगनीज नावाचा धातू, तो रॉडमध्येही असतो आणि लोखंडातही. जेवणातून आलेला जास्तीचा मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. श्वासातून गेलेला मात्र यकृताला चुकवून रक्तात शिरतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. ग्लासगोमध्ये मँगनीजचं खनिज दळणाऱ्या मजुरांचे पाय लटपटतात, हे कूपर नावाच्या डॉक्टरने 1837 मध्येच लिहून ठेवलंय.

पण मँगनीजने होणारा आजार पार्किन्सनसारखा दिसला तरी तो पार्किन्सन नव्हे. तो बहुधा दोन्ही अंगांना बरोबरच धरतो. बसल्या जागी थरथर कमी असते, मागे पाऊल टाकताना माणूस कोलमडतो, काही जण कोंबड्यासारखे चवड्यांवर चालतात, आणि पार्किन्सनवर देतात त्या लेव्होडोपाच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. पार्किन्सन सहसा एका बाजूने सुरू होतो आणि गोळी लागू पडते. वास येणं तर बऱ्याच जणांचं आधीच कमी झालेलं असतं. दादाला हिंगाच्या फोडणीचा वास येईना, हे वहिनी दोन वर्षं आधीपासून सांगत होती. आम्ही हसण्यावारी नेलं. तुमच्या वडिलांचा एकच हात थरथरतोय, म्हणून डॉक्टरांचा अंदाज मला तरी पटतो. वेल्डरांना पार्किन्सन जास्त होतो का, यावर संशोधकांचं आजही एकमत नाही.

रक्त तपासून काय कळेल? काम सुटून वर्षं झाली असतील तर फार थोडं. रक्तातला मँगनीज काही आठवड्यांत उतरतो. शिसं रक्तात महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत मात्र वर्षानुवर्षं दबा धरून बसतं.

सलाईनवाल्यांची हुशारी अशी की ते आधी धातू काढणारं औषध देतात आणि मग लघवी तपासतात. ते औषध कुणालाही दिलं तरी लघवीत धातू वाढतोच, माझाही रिपोर्ट लाल येईल. ईडीटीए हे असंच एक औषध, त्याचा चुकीचा प्रकार शिरेतून गेल्याने रक्तातलं कॅल्शियम कोसळून माणसं दगावली आहेत. बिनलेबलच्या भस्माच्या पुड्याही नकोत. अशा काही औषधांत शिसं-पारा सापडलाय, म्हणजे काढायला गेलो आणि घालून आलो.

धातू काढणारी औषधं खरी कामाची मोजक्याच ठिकाणी, त्यातली दोन सांगतो. एक, शिशाची विषबाधा तपासणीत सिद्ध झाली तर, तेही दवाखान्यात. दुसरं, विल्सनच्या आजारात. तो जन्मजात, त्यात तांबं यकृतात आणि मेंदूत साचतं. (तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने तो होत नाही.) आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, म्हणून घरात चाळिशीच्या आतल्या कुणाचा हात थरथरत असेल तर हे जरूर तपासा.

तुम्ही एवढंच करा, एका कागदावर वडिलांच्या कामाचा हिशोब लिहून न्यूरोलॉजिस्टकडे न्या. कोणत्या साली कुठे, साधं लोखंड की स्टेनलेस, उघड्यावर की बंद जागेत, तोंडाला काय. हे आपण होऊन कोणी विचारत नाही. दादाच्या कागदावरची ‘टँकरच्या आत, चार महिने’ ही ओळ डॉक्टरांनी दोनदा वाचली आणि एमआरआय सांगितला. त्यात मँगनीजची खूण दिसली नाही. गोळ्या चालू आहेत, आणि सकाळचा चहा तो आता कपबशीतून न सांडता पितो.