व्हिडिओ टाकायच्या आधी एवढं बघ भावा

भावा, रंकाळ्यावरचा तुझा व्हिडिओ बघितला, संध्याकाळचा उजेड लई भारी पकडलायस पण आवाज? नुसता वारा भरभर, मित्र काय बोलालाय काय कळंना. फोन वाऱ्याकडं पाठ करून धर, नाहीतर बोलणाऱ्याच्या खिशात दुसरा फोन ठेवून आवाज वेगळा रेकॉर्ड कर, सुरवातीला एक टाळी वाजव म्हणजे नंतर जुळवताना डोकं फिरत नाही. आणि व्हॉट्सॲपवर गॅलरीतनं थेट टाकू नको, ते दाबून बारीक करतंय, डॉक्युमेंट म्हणून पाठव, २ जीबीपर्यंत जातंय, क्वालिटी हाय तशी राहती.

आता पिक्चरवरच्या मताचं. "एक नंबर" नाहीतर "बकवास" एवढंच लिहिलंस तर कोण वाचणार? एक सीन धर, त्यात तुला काय खटकलं ते सांग. मी एकदा ग्रुपवर शेवट फोडला होता, दोघंजण तिकीट काढून थेटरच्या दारात उभे, आठवडाभर कट्ट्यावर चहा मलाच पाजायला लागला. म्हणून वर आधी 'शेवट सांगालोय' असं लिही, खाली चार ओळी मोकळ्या सोड.

कॅमेरा साधा हाय म्हणून रडू नको हं. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवून १९२० ला पिक्चर काढलं, तुझ्या हातात तर फोन हाय.

मित्राचं तोंड दिसत असंल तर टाकायच्या आधी त्याला विचार. पुढचा व्हिडिओ मला आधी पाठव, रात्री दहानंतर बघतो.