दोडका कडू निघाला, डबे परत आले

पलूस तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. भिलवडीच्या बाजूला त्या खानावळ चालवतात, रोजचे २५ डबे. घरामागं दोन गुंठे रान आहे. त्यात त्यांनी यंदा मृगाच्या पावसावर दोडका, भेंडी, वांगी आणि गवार लावली. त्या लिहितात: "दोडक्याचं बी घरचंच, गेल्या वर्षीच्या चांगल्या गोड दोडक्याचं. सहा वेल आले. एके दिवशी भाजी कडूजहर झाली, नऊ डबे तसेच परत आले. मग एकेका वेलाचा दोडका चाखून बघितला तर दोनच वेल कडू. असं कसं? भेंडी दोन दिवसांत निबर होते. वांगं चिरलं की अळी. दुकानदारानं औषध दिलंय, मारू का? आणि दसऱ्यानंतर काय लावू म्हणजे बाजारची भाजी बंद होईल?"

ताई, दोडक्यापासून सुरू करतो, कारण तो प्रश्न नुसत्या चवीचा नाही.

पाण्याचा ताण बसला, ऊन जास्त झालं, तर काकडी-दुधी कडू होतात हे खरं. पण तुमचे वेल भर पावसाळ्यातले, आणि सहापैकी चार गोड. ताण असता तर सगळ्याच वेलांना बसला असता. म्हणजे खोट बियात आहे. कुंपणावर, ओढ्याच्या कडेला कडू दोडक्याचे रानवेल असतात. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि परागकण किडेच इकडून तिकडं नेतात. गेल्या वर्षी तुमच्या गोड वेलावरच्या एखाद्या मादी फुलावर रानदोडक्याचा पराग पडला. त्या फुलाचं फळ गोडच लागलं, कारण फळाचा गर आईच्या वळणाचा असतो. बाप उतरला तो बियात. ते बी यंदा रुजलं आणि कडू निघालं. म्हणून "गोड दोडक्याचं बी धरलं होतं" हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि दोडका कडू निघाला हेही खरं आहे.

ते दोन वेल आजच मुळासकट काढा. त्यांचा एकही दोडका पुढं गोड होणार नाही. कडवटपणा ज्या द्रव्यामुळं येतो ते शिजवून जात नाही, मीठ लावून पिळलं तरी पुरतं जात नाही. गूळ घातला तर फक्त जिभेला कळत नाही. ते पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात, जास्त गेलं तर रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकदम खाली. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. तेव्हा खानावळीत एक रीत पाडा: दोडका, दुधी, काकडी चिरताना प्रत्येक फळाच्या देठाकडची चकती जिभेला लावायची, कडू लागली की थुंकून फळ टाकून द्यायचं. (कारलं या हिशोबात नाही, त्याचा कडूपणा वेगळा.) डबे परत आले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्यांनी परत पाठवले ते शहाणेच.

बी घरचं धरायचंच असेल तर थोडी खटपट करा. मादी फुलाच्या मागं बोटाएवढा दोडका असतो, नर फुलाच्या मागं नुसता देठ. संध्याकाळी उमलणारी कळी दुपारी ओळखू येते, टोकाला पिवळी झालेली असते. अशी एक मादी कळी आणि गोड वेलावरच्याच दोन नर कळ्या दोऱ्यानं हलक्या बांधून ठेवा. संध्याकाळी सोडा, नर फुलाच्या पाकळ्या मागं सारून ते मादी फुलावर फिरवा आणि मादी फूल पुन्हा बांधा. देठाला चिंधी बांधून खूण करा, नाहीतर घरातलंच कुणीतरी तो दोडका तोडून चिरून टाकतं. माझ्या घरी दोनदा झालं आहे. तो दोडका वेलावरच वाळून खुळखुळा वाजू द्या. बी तेवढ्याचंच धरा.

आता भेंडी. भेंडी निबर होते यात भेंडीचा दोष नाही, खानावळीच्या वेळापत्रकाचा आहे. फूल पडल्यावर पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते. तुम्ही २५ डब्यांपुरती साठावी म्हणून झाडावरच ठेवता, तिथं ती साठत नाही, निबर होते. वर एक शेंग बियाला आली की झाड पुढची फुलं कमी करतं. एक दिवसाआड तोडाच, स्वयंपाकाला लागो न लागो. ओलसर सुती फडक्यात दोन दिवस चांगली राहते. टोक बोटानं मोडून बघता ना, कट्‌कन तुटलं तर घ्यायची, नुसतं वाकलं तर सोडायची? तीच परीक्षा बाजाराऐवजी झाडाजवळ करा. अर्धा गुंठा भेंडी असेल तर ऐन भरात एका तोडणीला दोन-अडीच किलो निघावी. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेली झाडं दिसली तर तो केवडा रोग, पांढऱ्या माशीनं पसरवलेला. झाड उपटा, त्याला औषध नाही. पुढच्या वेळी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, या जाती केवड्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

वांग्याच्या अळीचं मूळ मला तुमच्या स्वयंपाकघरात दिसतंय, रागावू नका. भरल्या वांग्याला चार चिरा दिल्या, अळी दिसली, वांगं बादलीत. संध्याकाळी ती बादली कुठं रिकामी होते? परसातल्या उकिरड्यावर, वांग्यापासून दहा पावलांवर. अळी फळातून बाहेर येते, पालापाचोळ्यात कोष करते, आठ-दहा दिवसांत पतंग होऊन पुन्हा तुमच्याच झाडावर अंडी घालते. किडकी वांगी जाळा किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस कडक उन्हात टाका. आणि दर आठवड्याला एकदा कात्री घेऊन झाडांत फिरा. कोवळा शेंडा माना टाकून वाळत असेल तर अळी आत आहे. खालच्या हिरव्या भागापासून दोन बोटं आणखी खाली कापा आणि तोही जाळा. कृष्णाकाठची वांगी उगीच नावाजलेली नाहीत, तुमच्या रानात ती उत्तम येतील, पण हे काम चुकवू नका.

दुकानदाराचं औषध मारू नका. कारण सांगतो. बाटलीवर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही ते छापलेलं असतं. सात दिवस लिहिलं असेल आणि तुम्ही दिवसाआड तोडत असाल तर ते औषध तुमच्या उपयोगाचंच नाही. बाटलीवरचा त्रिकोण लाल असेल तर घराच्या आसपाससुद्धा नको. त्याऐवजी निंबोळी अर्क करा: ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि ऊन उतरल्यावर फवारा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आटोक्यात राहते. वांग्याच्या आत शिरलेल्या अळीला मात्र यानं काही होत नाही, तिथं कात्रीच.

दसऱ्यानंतरचं. बाजारची भाजी बंद होईल का? नाही होणार. दोन गुंठे म्हणजे दोन हजार चौरस फुटांच्या वर, पण वाटा, पाट सोडून उरतं त्यात २५ माणसांची रोजची भाजी बसत नाही. आठवड्यातले तीन दिवस मात्र बसतात. हिशोब डब्यापासून मागं करा. २५ डब्यांना न निवडलेली मेथी चारेक किलो लागते असं धरू. दहा फूट बाय सहा फुटांच्या वाफ्यात तेवढी येते. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. सगळी एकदम पेरली तर महिन्यानं चार दिवस मेथीच मेथी आणि मग काही नाही. दर आठ दिवसांनी एकच वाफा पेरा, वार ठरवून. पालक तसा सोशिक, महिन्यानं पहिली कापणी आणि मग पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. चाकवत, आंबट चुका, मुळा याच दिवसांतले. कांदा, लसूण कडेनं. वांग्याच्या जागी टोमॅटो किंवा मिरची नको, तिघं एकाच कुळातली, रोगही एकमेकांचे घेतात. तिथं मुळा किंवा पालक टाका.

कोथिंबीर उगवत नाही असं पत्राच्या समासात बारीक अक्षरात लिहिलंय. धने पूर्ण टाकले असणार. एका धन्यात दोन बिया असतात. चपलेच्या तळव्याखाली हलके रगडून दोन फाके करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठ-दहा दिवस वाट बघा, उकरून बघू नका. मसाल्यासाठी आणलेले जुने धने असतील तर ते फोडणीलाच बरे. मी नोकरीत नवा असताना वेळ वाचावा म्हणून धने मिक्सरमधून एकदा फिरवले होते. शेजारच्या काकूंनी ते बघून विचारलं, "साहेब, आमटीला का वाफ्याला?"

आणि एक वाफा हरभऱ्याचा करा, भाजीसाठी. महिन्याभरानं, फुलं यायच्या आत, शेंडे खुडा. खुडलेल्या झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे घाट्यांचंही (हरभऱ्याच्या शेंगांचंही) नुकसान नाही. पानावरची आंब जाऊ नये म्हणून ही भाजी पुष्कळजणी धूत नाहीत. म्हणूनच त्या वाफ्यावर काहीच फवारायचं नाही, निंबोळीसुद्धा.

भांड्यांचं साबणाचं पाणी मेथी-कोथिंबिरीला सोडू नका. ते केळीला आणि मोरीकडेच्या अळूला जाऊ द्या.

याच टपालात वाळवा तालुक्यातल्या एका दादांची चिठ्ठी आहे: "कोरेगावचा वाघ्या घेवडा हौसेनं लावला. पानांच्या कडा करपतात, रान वाळलं की वर पांढरं दिसतं." दादा, ते पांढरं म्हणजे क्षार. उसाला वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिलं, निचरा राहिला नाही, की नदीकाठची काळी रानं अशी होतात. घेवड्याला क्षार अजिबात सोसत नाहीत, खत वाढवून उपयोग नाही. यंदा तिथं पालक किंवा बीट करा, ती तग धरतील. गादीवाफे करा, कडेनं चर काढा. मातीचा नमुना वरची वीतभर माती खणून घ्या, पांढरा थर नुसता खरवडून नको, आणि सोबत बोअरचं पाणी बाटलीत भरून दोन्ही तपासायला द्या. दोन्ही एकदम तपासल्याशिवाय जिप्सम (खारवट रान सुधारायला घालतात ते) घाला की घालू नका, हे मी सांगणार नाही.