सप्रेसरवरची बंदी उठवायची तर आधी कानांबद्दल बोल

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सप्रेसरला, म्हणजे बंदुकीच्या नळीला लावून आवाज कमी करणाऱ्या उपकरणाला, परवानगी मिळवायचीय ना? मग पहिल्याच भेटीत आमदारापुढे शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्काचं पालुपद लावू नकोस. कानांचा विषय काढ. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. सप्रेसरनं तो साधारण २० ते ३५ डेसिबलनं उतरतो, पण गोळी ऐकू येतेच. सप्रेसर लावला की बंदूक मुकी होते, हा सिनेमामुळे झालेला गैरसमज तिथंच दूर होतो.

मिनेसोटाचा २०१५चा लढा नीट अभ्यास. गव्हर्नर डेटन नकाराधिकार वापरणार म्हणत होते, तरी सप्रेसरला परवानगी देणारी तरतूद सार्वजनिक सुरक्षेच्या मोठ्या विधेयकात बसवली गेली आणि त्यांची सही झाली. व्हरमाँटनं त्याच वर्षी फक्त शूटिंग रेंजपुरती मुभा दिली. तेवढंच पदरात पडत असेल तरी घे, बाबा. आणि साक्षीला रेंजशेजारी राहणारी माणसं आण. आवाजाचा त्रास रोज त्यांनाच होतो.